सामाजिक उद्योगात प्रयोग आणि अपयश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतले बचत गट, महिला मंडळं, सेक्शन ८ कंपन्या आणि नव्याने उभे राहणारे सामाजिक उद्योग यांच्यासोबत काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न बैठकीत सगळ्यांसमोर विचारले जातात, काही बैठक संपल्यावर जिन्यात थांबवून हळूच. जिन्यातले प्रश्न जास्त अडचणीचे असतात, म्हणून त्यांची उत्तरं लांब आहेत.

सामाजिक उद्योग म्हणजे नेमकं काय धरायचं?

कंपनी कायद्यात 'सामाजिक उद्योग' असा नोंदणीचा वेगळा प्रकार नाही. कोणी धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवतं, कोणी २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नफा न वाटणारी कंपनी काढतं, कोणी सहकारी संस्था करतं, तर कोणी सरळ प्रायव्हेट लिमिटेड. वस्तू किंवा सेवा विकून पैसा उभा करायचा आणि त्याच धंद्यातून एखादा सामाजिक प्रश्न हलवायचा, असं काम करणाऱ्या सगळ्यांना ही प्रश्नोत्तरं लागू पडतात.

गरिबांच्या जिवावर प्रयोग कशाला करायचे? जे चालतंय तेच नीट करावं ना?

हा आक्षेप बहुधा संस्थेतली सर्वात अनुभवी कार्यकर्ती घेते आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तिने सगळं पाहिलेलं असतं. कोणीतरी शिलाई मशीनं आणून देतं, ट्रेनिंग होतं, फोटो निघतात. वर्षभरात मशीनं गोणपाटाखाली जातात आणि ज्या बायकांनी त्यापायी धुण्याभांड्याची दोन घरं सोडलेली असतात, त्यांना ती घरं परत मिळत नाहीत.

तरीही जे चालतंय ते चालतच राहील, ही खात्री या शहरात कोणी देऊ शकत नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, ते गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांसाठी. सावकाराच्या कचाट्यातून बाहेर पडून बँकेचं कर्ज मिळू लागलं, जम बसला. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि खानावळीत जेवायला येणाऱ्याच्या हातात पैसाच राहिला नाही. बायकांच्या हाताची चव तीच होती, हिशेबही चोख होता, पण गिऱ्हाईक आटलं. मंडळाला पुढे केटरिंगसारख्या कामांकडे वळावं लागलं. ज्यांना नवं करून बघायची सवयच नसते, त्यांची अशा वेळी फार वाताहत होते.

म्हणून आमचं म्हणणं असं की प्रयोग करायचेच, फक्त त्यातला तोटा वस्तीतल्या बाईच्या घरखर्चातून वसूल होता कामा नये. अपयश मोकळेपणाने स्वीकारा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या अपयशाचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं, हे फार थोडे सांगतात. पुढची बहुतेक उत्तरं याच मुद्द्यापाशी येतात.

मग तोटा भरायचा कोणी?

संस्थेने आणि संस्थेला पैसा देणाऱ्याने.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय, ते सांगतो. प्रयोगाच्या काळात ताईंना रोजाने पैसे द्या, नगावर नको. नगावर मजुरी असली की माल न खपण्याची जोखीम गुपचूप तिच्या डोक्यावर जाते. रोज किती, तर ती जे काम सोडून तुमच्याकडे येणार आहे त्यात तिला जेवढं मिळत होतं त्यापेक्षा कमी नको. कच्चा माल संस्थेचा, जागेचं भाडं संस्थेचं. गटाच्या अंतर्गत बचतीला हात लावायचा नाही. बँक लिंकेजचं, म्हणजे बचत गटाला बँकेकडून मिळणारं, कर्जही पहिल्या प्रयोगाला नको. आधी अनुदानाच्या पैशावर करून बघायचं आणि जमलं तर वाढवायला कर्ज घ्यायचं. हा क्रम उलटा झाला की हप्ता थकतो, गटात भांडणं लागतात आणि गट पुढच्या वेळी बँकेत गेला की मॅनेजर आधी ती थकबाकी काढून दाखवतो.

वेळही बघायला हवी. बऱ्याच गटांचा वर्षातला सर्वात मोठा गल्ला दिवाळीच्या फराळाचा असतो. त्या आठवड्यांत भाजणीचं प्रमाण बदलून बघायचं नाही, नवं पॅकिंग नाही, ऑर्डरसाठी नवं अ‍ॅपही नाही. जे काही करून बघायचं ते श्रावणापर्यंत उरकून घ्या.

मुंबईत असं कोणी करून दाखवलंय का?

लिज्जत पापड सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५९, गिरगाव, सात बायका, उसने घेतलेले ८० रुपये आणि गच्चीवर लाटलेले पापड, ही गोष्ट शाळकरी मुलंही सांगतात. त्या गोष्टीतला जो भाग सहसा गाळला जातो, तो आपल्या कामाचा आहे.

पहिल्या वर्षी पावसाळा आला आणि पापड वाळेनात. चार महिने उत्पादन बंद ठेवावं लागलं. ज्या बायकांनी नुकतंच स्वतःचे चार पैसे बघायला सुरुवात केली होती, त्यांच्या दृष्टीने चार महिने म्हणजे मोठा खंड. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. पावसातही पापड वाळू लागले. यासाठी मोठं भांडवल लागलं नाही, बाहेरचा सल्लागारही लागला नाही. लागलं ते एवढंच की गेल्या वर्षी काम नेमकं कशामुळे अडलं हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं आणि त्यावर उपाय शोधायची मुभा लाटणाऱ्या हातांनाच होती.

सुरुवातीला त्या दोन दर्जांचे पापड करत, हलका माल स्वस्तात विकायला. त्यांना पाठबळ देणारे छगनबापा, म्हणजे छगनलाल करमशी पारेख, यांनी एकच उत्तम दर्जा ठेवायला सांगितलं आणि दुसरा प्रकार बंद झाला. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. पुढे खाकरा, मसाले, वड्या, पिठाच्या गिरण्या, छपाई विभाग असं बरंच काही सुरू झालं. त्याच काळात चामड्याच्या वस्तू, काडेपेट्या आणि अगरबत्त्याही करून पाहिल्या, त्या चालल्या नाहीत आणि सोडून दिल्या. पापडाचं काम मात्र या सगळ्यात चालूच राहिलं, कारण नव्या खटपटींसाठी ते पणाला लावलेलं नव्हतं. नफा वाटून घ्यायचा तसा तोटाही सगळ्या बहिणींनी वाटून घ्यायचा, ही त्यांची रीत. ती त्यांना पेलली, कारण संस्था त्यांच्याच मालकीची होती. तुमच्या संस्थेत ताई मालक नसतील, फक्त कामाला येत असतील, तर तोट्यात वाटा मागायचा अधिकार तुम्हाला नाही.

प्रयोग आणि 'चला, करून बघू' यात फरक काय?

प्रयोगात काही गोष्टी सुरू करण्याआधी लिहिलेल्या असतात. आपल्याला काय कळून घ्यायचं आहे, किती दिवस, जास्तीत जास्त किती पैसे आणि काय दिसलं की थांबायचं.

समजा, मानखुर्दच्या एका गटाला वाटतं की संध्याकाळी लोकलमधून उतरणाऱ्या नोकरदार बायका चिरलेली भाजी विकत घेतील. 'करून बघू' पद्धतीत काय होतं? डीप फ्रीज येतो, ब्रँडचं नाव ठरतं, कोणीतरी लोगो काढतं. सहा महिन्यांनी फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या असतात.

प्रयोग करायचा तर दोन आठवडे आणि स्टेशनबाहेर एक टेबल पुरे. माल चार प्रकारचा: चिरलेला कोबी, निवडलेली मेथी, मोडलेली गवार, सोललेला लसूण. पाव किलोची पाकिटं, लसूण शंभर ग्रॅम. वहीत आधीच लिहायचं की सलग चार संध्याकाळी साडेआठपर्यंत निम्मा माल खपला नाही, तर तो प्रकार बंद. टेबलावर दोन ताई. एक विकणार, दुसरीने फक्त ऐकायचं आणि लिहायचं. हे दुसरं काम लोक नेहमी गाळतात आणि खरी माहिती तिथेच असते. एखादी बाई पाकीट उचलते, उलटंपालटं करते, "कधी चिरलाय?" विचारते आणि खाली ठेवते. हे विक्रीच्या आकड्यात कधीच दिसणार नाही. चिरलेल्या भाजीला ती हात लावत नाही कारण कुठल्या पाण्यात धुतली ते तिला माहीत नाही. मोडलेली गवार मात्र ती घरी जाऊन स्वतः धुणार असते, म्हणून घेते. दोन आठवड्यांनी कोबी बंद, मेथी बंद, गवार आणि लसूण चालू, असा निकाल लागला तर चारातले दोन प्रकार फसले आणि गटाला धंदा मिळाला.

थांबायचा आकडा आधी लिहायचा, यावर आम्ही अडून बसतो. नंतर ठरवायला गेलं की "पितृपक्ष होता", "मेगाब्लॉक होता", "अजून एक महिना बघू" सुरू होतं आणि घोंगडं भिजत पडतं.

कशावर प्रयोग करू नयेत?

औषधोपचार, लहान मुलांची सुरक्षितता, साठवलेली बचत, ठरलेली मजुरी. आणि जिथे प्रयोग करायचा तिथे लोकांना आधी साध्या भाषेत सांगायचं: हे नवं आहे, जमेल किंवा जमणार नाही, बंद पडलं तर तुमचं असं असं होईल. यावर कोणी नको म्हणाली तर तिचं आधीचं काम तसंच चालू राहिलं पाहिजे.

प्रयोग फसला की जमला, हे ठरवायचं कोणी?

वापरणाऱ्याने. १९८४ मध्ये मुंबईत सुरू झालेली स्पार्क ही संस्था आणि फुटपाथवर राहणाऱ्या बायकांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं महिला मिलन यांनी सार्वजनिक शौचालयांवर केलेलं काम या बाबतीत पाहण्यासारखं आहे. किती सीट बांधल्या एवढंच मोजलं तर शौचालय झालं, काम संपलं. वस्तीतल्या आया वेगळं सांगत होत्या. सकाळच्या रांगेत मोठी माणसं लहान मुलांना मागे ढकलतात, मुलं शेवटी बाहेर उघड्यावरच बसतात. त्यातून मुलांसाठी वेगळी, त्यांच्या मापाची शौचालयं आराखड्यात आली. कागदावर यशस्वी असलेली गोष्ट रोज सकाळी कोणासाठी तरी फसत होती, आणि ते फक्त रांगेत उभ्या असणाऱ्यांनाच दिसत होतं.

फंडरला खरं सांगितलं तर पुढचा हप्ता बंद होईल ना?

होऊ शकतो. ही भीती खोटी आहे असं सांगून आम्ही तुमची फसवणूक करणार नाही. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची, अशीच रीत आहे, आणि रिपोर्टचा नमुनाही बहुतेकदा असाच असतो: उद्दिष्ट काय, साध्य किती, दोन यशोगाथा, सहा फोटो. फसलेल्या गोष्टीला त्यात रकानाच नसतो.

पण झाकण्याची किंमतही बघा. दक्षिण आफ्रिकेत प्लेपंप नावाचा प्रकार निघाला होता. मुलांनी गोल फिरणाऱ्या चक्रीवर खेळायचं आणि त्या जोरावर जमिनीतलं पाणी वर टाकीत चढायचं. कल्पना इतकी गोड की २००६ मध्ये अमेरिकेत मोठ्या समारंभात त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले, २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं. गावांत वेगळंच घडत होतं. मुलं दमून जात, खेळ संपे, आणि पाण्याला आलेल्या बायकांना ती जड चक्री हाताने फिरवत बसावं लागे. बिघडली तर दुरुस्तीला माणूस नाही. पैसा देणाऱ्यांपैकी केस फाउंडेशनने २०१० मध्ये जाहीरपणे लिहिलं की हे अपेक्षेप्रमाणे झालेलं नाही. त्या लिखाणामुळे जगभरच्या देणगीदारांना या विषयावर बोलायला तोंड फुटलं. कॅनडातली इंजिनिअर्स विदाऊट बॉर्डर्स ही संस्था तर २००८ पासून आपल्या फसलेल्या कामांचा वेगळा अहवालच छापू लागली. त्यात तिथले कार्यकर्ते स्वतःच्या नावाने लिहीत.

आपल्याकडे सुरुवात लहान करता येते. वाईट बातमी रिपोर्टमधून कळवू नका. जूनमध्ये कळलं तर जूनमध्येच फोन करा. फोनवर तीन गोष्टी सांगा: काय होईल असं वाटलं होतं, काय झालं, आणि उरलेल्या पैशाचं काय करायचा विचार आहे. तिसरी गोष्ट तयार नसेल तर फोन दोन दिवसांनी करा. समोरचा प्रोग्राम मॅनेजरही कोणाला तरी उत्तरदायी असतो. त्याला त्याच्या साहेबांपुढे ठेवायला काहीतरी द्यावं लागतं. मार्चमध्ये युटिलायझेशन सर्टिफिकेटसोबत, म्हणजे निधी कसा वापरला याच्या दाखल्यासोबत, ही बातमी गेली तर तो तोंडघशी पडतो, आणि मग हप्ता खरोखरच बंद होतो.

प्रपोजल लिहितानाच दोन वाक्यं घालून ठेवा. एक, यातला अमुक भाग प्रयोग आहे आणि तो अमुक तारखेला थांबू शकतो. दुसरं, थांबला तर उरलेला निधी कुठल्या कामाला वळवायचा. या दोन वाक्यांवर ज्याची सही आहे, त्या फंडरशी नंतर बोलणं पुष्कळ सोपं जातं.

सीएसआरच्या पैशात प्रयोग बसवता येतो का?

येतो, पण कायदा समजून घ्यावा लागतो. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा. कंपनी कायद्याचं कलम १३५ १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. खर्च आर्थिक वर्षाला बांधलेला असल्यामुळे प्रत्येकाला मार्चआधी पैसे संपलेले बघायचे असतात, आणि प्रयोगाला तर पैसे हळू, टप्प्याटप्प्याने लागतात. इथेच गाडं अडतं.

यातून वाट आहे. जानेवारी २०२१ च्या बदलांनंतर कंपनीला एखादं काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करता येतं. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालू शकतो. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत एका वेगळ्या बँक खात्यात ठेवायची आणि तीन वर्षांत वापरायची. सीएसआर समितीने सयुक्तिक कारण देऊन शिफारस केली तर संचालक मंडळाला वर्षाच्या मध्येही वार्षिक आराखडा बदलता येतो. ही तरतूद कंपनीतल्या माणसांना माहीत असते, पण ती वापरायची विनंती त्यांच्याकडे क्वचितच येते. तेव्हा प्रकल्प एकवर्षीय न मांडता चालू प्रकल्प म्हणून मांडा आणि पहिल्या वर्षाची रक्कम मुद्दाम लहान ठेवा.

परदेशी निधी असेल तर मोकळीक आणखी कमी. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. प्रयोगात भागीदार संस्था असेल तर तिचा वाटा देशी निधीतूनच ठेवावा लागतो. सीएला आधी विचारा.

काम कसं केलं यावर अडून न बसता, निकाल बघून पैसे देणारा फंडर असतो का?

असतो, आणि याचं चांगलं उदाहरण मुंबईत मुख्य कार्यालय असलेल्या आणि मुलींच्या शिक्षणावर काम करणाऱ्या एज्युकेट गर्ल्स या संस्थेचं आहे, काम जरी राजस्थानातल्या भिलवाड्याचं असलं तरी. २०१५ ते २०१८ या काळात तिथे डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बाँड, म्हणजे निकालाशी बांधलेला निधीचा करार, राबवला गेला. यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने आधी पैसे घातले. निकाल दिसला तर चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशनने ते परत करायचे. मोजणी आयडीइनसाइट या त्रयस्थ संस्थेने करायची. म्हणजे काम फसलं असतं तर आर्थिक झळ पैसा घालणाऱ्याला बसली असती, शाळेतल्या मुलींना किंवा संस्थेला नाही. आम्ही वर जे मागतो आहोत, ते इथे करारातच लिहिलेलं होतं.

दुसऱ्या वर्षाअखेरचा निकाल बघा: मुलांच्या शिकण्याचं जे तीन वर्षांचं लक्ष्य होतं, त्याच्या जेमतेम निम्म्यापर्यंत मजल. नेहमीच्या पद्धतीत या टप्प्यावर सारवासारव सुरू झाली असती. इथे आकडे उघड झाले आणि संस्थेने तिसऱ्या वर्षी शिकवायची पद्धत बदलली. मुलांचे त्यांच्या पातळीप्रमाणे गट केले, तासिका वाढवल्या, गैरहजर मुलांच्या घरी जाणं सुरू केलं. शेवटी शिकण्याच्या लक्ष्याच्या १६० टक्के आणि मुलींच्या पटनोंदणीच्या लक्ष्याच्या ११६ टक्के काम झालं.

लहान संस्थेला असा करार झेपणार नाही. त्याची कागदपत्रंच फार महाग पडतात. पण त्यातली एक गोष्ट उचलता येते: निकाल काय हवा ते फंडरसोबत पक्कं करा आणि तिथे पोचायची वाट बदलायची मुभा लेखी मागा.

आमचे कर्मचारी वाईट बातमी लपवतात. काय करायचं?

आधी हे बघा की याआधी ज्याने वाईट बातमी आणली, त्याचं काय झालं. बाकीच्यांनी ते पाहिलेलं असतं. बैठकीत "हे आधी का नाही सांगितलंत?" एवढ्या एका वाक्याने पुढचे सहा महिने सगळे गप्प बसतात.

फील्डवरची मुलगी बहुधा त्याच वस्तीत राहते. कार्यक्रम फसला तर नळावर तिला बोलणी बसतात, तुम्हाला नाही. म्हणून वस्तीला बातमी सांगायचं काम तिच्यावर ढकलू नका, ते वरिष्ठाने जाऊन करावं. महिन्यातून एकदा तासभर फक्त 'काय जमलं नाही' यासाठी ठेवा आणि सुरुवात संचालकांनी करावी. त्या तासात खापर कोणावर फोडायचं नाही, वार्षिक पगारवाढीशी त्याचा संबंध जोडायचा नाही. पहिले काही महिने लोक गुळमुळीत बोलतील. "थोडा प्रतिसाद कमी होता" म्हणतील. तेव्हा न रागावता विचारत राहा: किती जणी आल्या? कोण आली नाही? ती काय म्हणाली?

मग हलगर्जीपणालाही पांघरूण घालायचं का?

नाही. ठरवून, लिहून, लहान प्रमाणावर केलेलं काम फसलं तर कोणालाही झळ नको. ठरलेलं कामच केलं नाही, वही भरली नाही, तर ती कामातली कसूर, त्यावर बोलावं लागतं. पैशांची अफरातफर हा तर वेगळाच मामला, तिथे गय नाही. या तिन्ही गोष्टी एकाच 'अपयश' या नावाखाली गेल्या की चांगली माणसं नवं काही करायची सोडतात, आणि कामचुकार माणसं सुटतात.

प्रयोग बंद करायचा तर वस्तीत कसं सांगायचं?

एका बैठकीत, सगळ्यांसमोर, कारणासह. हळूहळू जाणं कमी करून गायब होऊ नका. तसं केलंत तर पुढची पाच वर्षं त्या वस्तीत दुसऱ्या कुठल्याही संस्थेला दार उघडणार नाही. ज्यांनी वेळ दिला त्यांचे शेवटचे पैसे त्याच दिवशी चुकते करा. मशीनं, भांडी, टेबलं कोणाची, हे सुरुवातीलाच लिहिलेलं असावं. आणि वहीत उतरलेली माहिती गटालाही द्या, ती त्यांच्याच कष्टाची आहे. कोबी खपत नाही हे दोन आठवडे टेबलावर उभं राहून त्यांनी शोधून काढलं आहे.

एका वस्तीत जमलं. दहा वस्त्यांत जमेल का?

गृहीत धरू नका. १९९५ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांत बालवाड्यांपासून सुरुवात झालेल्या 'प्रथम' या शिक्षणातल्या संस्थेचा अनुभव यासाठी वाचण्यासारखा आहे. मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ मध्ये त्यांच्या बालसखी उपक्रमाची शास्त्रशुद्ध चाचणी झाली. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच शिकलेली मुलगी वेगळं घेऊन शिकवायची. निकाल चांगला आला. ही चाचणी घेणाऱ्यांत असलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

तीच पद्धत खेड्यांत नेताना ठेचा लागल्या. उत्तर प्रदेशात जौनपूरला गावकऱ्यांना शाळेबद्दल माहिती दिली, सभा घेतल्या. सरकारी शाळेत काही फरक पडला नाही. स्वयंसेवकांच्या वाचन शिबिरांना जी मुलं आली ती शिकली, पण आली फार थोडी. उत्तराखंडात सरकारी शिक्षकांना साहित्य आणि प्रशिक्षण दिलं. वर्गात फरक नाही. हे निकाल दडवले गेले नाहीत, छापले गेले. त्यातून कळलं की पद्धत बरोबर आहे, पण शिक्षकाच्या दिवसात तिला वेगळी जागा लागते. मग हरियाणात रोजचा एक तास राखून, मुलांचे पातळीप्रमाणे गट करून, वरून देखरेख ठेवून ती राबवली आणि निकाल आला.

दहा वस्त्यांत जाताना दुसरी वस्ती पहिल्यापेक्षा मुद्दाम वेगळी निवडा. गोवंडीत जमलं असेल तर दुसरी वस्ती तिथेच शेजारी नको, शहराच्या दुसऱ्या टोकाला दहिसरला बघा.

विश्वस्त मंडळ तयार नाही. म्हणतात, संस्थेचं नाव खराब होईल.

त्यांची काळजी खरी आहे; नोंदणीकृत न्यासात हिशेबाला शेवटी विश्वस्तच जबाबदार असतात. त्यांच्याकडे 'प्रयोगशीलता' मागू नका, रक्कम मागा. वार्षिक बजेटात 'प्रयोग' हे वेगळं शीर्षक, त्यात बुडाली तरी संस्थेला धक्का बसणार नाही एवढीच रक्कम, आणि त्याचा इतिवृत्तात नोंदलेला ठराव. वर्षाअखेर त्या पैशातून काय कळलं याचा एक पानी कागद मंडळापुढे ठेवा. दुसऱ्या वर्षी चर्चा बरीच लवकर आटोपते.

आम्ही तीनच माणसं आहोत. मदत कुठे मिळेल?

गटांसोबत काम असेल तर १९७५ पासून चालू असलेल्या माविमची, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाची, लोकसंचालित साधन केंद्रं आधी गाठा. आसपासच्या वस्त्यांत काय करून झालं आहे आणि काय फसलं, हे तिथल्या ताईंना तोंडपाठ असतं. एकट्याने नवा उद्योग काढत असाल तर २००७ पासून मुंबईत काम करणारी अनलिमिटेड इंडिया सुरुवातीच्या टप्प्यातल्या लोकांनाच हात देते. शिकायचं असेल तर देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सामाजिक उद्योजकतेचा एम. ए. अभ्यासक्रम आहे. सोशल स्टॉक एक्स्चेंजबद्दल, म्हणजे सामाजिक संस्थांना निधी उभारता यावा म्हणून शेअर बाजारात केलेल्या वेगळ्या विभागाबद्दल, हल्ली बरेच जण विचारतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने त्याची नियमावली २०२२ मध्ये आणली, पण तिथली कागदपत्रं आणि ऑडिट बघता तीन माणसांच्या संस्थेने सध्या त्यामागे लागू नये.

आणि प्रयोगासाठी सॉफ्टवेअर घेऊ नका. दोनशे पानी वही पुरते. डाव्या पानावर काय होईल असं वाटतं ते तारखेसह लिहायचं, उजव्या पानावर काय झालं ते. वही कार्यालयात कुलपात ठेवायची नाही. फील्डवर जाणारी ताई ती पिशवीत घेऊन जाईल आणि तिच्याच अक्षरात भरेल.